बिनवर्गाची शाळा

नॉर्थ पेल्टन गावाने आपल्या नव्या शाळेचा आराखडा भर गावसभेत मंजूर केला. पूर आला तरी पाणी लागू नये म्हणून टेकडीवरची जागा होती, छपरावर उन्हाची वीज होती, जमिनीखालून ऊब आणणाऱ्या विहिरी होत्या. अख्ख्या गावाला पुरतील इतक्या कोंबड्या एका वेळी भाजता येतील असं स्वयंपाकघर होतं. गोधड्या शिवणाऱ्या बायकांसाठी खोली होती, अग्निशामक दलासाठी पाण्याची टाकी होती, आणि रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी उभी करायला ऊबदार शेडसुद्धा होती. वर्ग नव्हते.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते रोक्सॅन कॉर्लिसच्या, आणि तेही नवऱ्याने कौतुकाने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला म्हणून. बीन्सचं भांडं ठेवायला जागा व्हावी म्हणून तिने नकाशाचं एक टोक उचललं, मग दुसरं उचललं, मग भांडं परत चुलीवर ठेवून चष्मा लावला.

"डेल, यात पोरं कुठे बसणार?"

"पोरं?" डेल म्हणाला. "कुठली पोरं?"

इथे डेल कॉर्लिसची बाजू घेणं भाग आहे, कारण पुढचे दोन महिने दुसरं कोणीच ती घेणार नव्हतं. डेल मूर्ख नव्हता. उभी हयात त्याने गावचं पोस्ट सांभाळलं होतं, आणि नुसतं अक्षर पाहून पत्र कोणाकडून आलं, भांडणाचं की लग्नाचं, हे तो सांगू शकत असे. निवृत्त झाल्यावर असल्या माणसाला व्हर्मांटमधली गावं मोकळं सोडत नाहीत. त्याला कुठल्यातरी समितीवर बसवतात. डेलला शाळा-बांधणी समितीचा अध्यक्ष केलं, आणि खरं सांगायचं तर त्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

त्यामागे एक वचन होतं. आदल्या जुलैत पेल्टन नदी शाळेत शिरली आणि फळ्यापर्यंत गाळ ठेवून गेली. रोक्सॅन त्या शाळेची स्वयंपाकीण. सरकारी माणसाने येऊन इमारत बाद ठरवली, तरी ती आठवडाभर तिथली पातेली घासत होती. घासायची, पुसायची आणि त्याच बाद झालेल्या फळीवर ओळीने लावायची. डेलला ते बघवेना. तो म्हणाला, "रोक्सॅन, सोड ते. तुझी शाळा मी उभी करून देतो." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने नवऱ्याच्या शब्दावर एकदा तरी विश्वास ठेवला, की माणूस त्या शब्दाला भिऊन वागू लागतो.

तेव्हापासून शाळा चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरत होती. मध्ये पडदे लावून चार वर्ग केले होते, आणि तिसरीतल्या पोरांना पहिलीची बेरीज पुन्हा पाठ झाली होती. राज्य सरकार पैसे द्यायला तयार होतं, पण दोन अटींवर. इमारत पुरात, थंडीत आणि वीज गेल्यावरही टिकेल अशी हवी, आणि तिचा आराखडा गावाने स्वतः एकत्र बसून केलेला हवा. जूनअखेर गावाने मंजूर केलेला आराखडा पोचला नाही तर पैसे दुसऱ्या गावाला, आणि नॉर्थ पेल्टनची चाळीसेक पोरं बसने खिंडीपलीकडे हॅलेटच्या मोठ्या शाळेत. शाळा गेलेल्या गावाचं काय होतं, ते डेलइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोऱ्यात आधी शाळा गेली, मग दुकान गेलं, आणि मग तिथलं पोस्ट बंद करून कुलूप लावायला वरच्यांनी डेललाच पाठवलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवला नव्हता.

आता गावाने एकत्र बसून आराखडा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला बर्लिंग्टनहून इंग्रिड सोल्बर्ग नावाची तरुण वास्तुरचनाकार आली. मुलगी हुशार, कष्टाळू, आणि भर हिवाळ्यात डब्यातून गार कोबी खाणारी. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "मी काहीही ठरवणार नाही. गावच ठरवेल." हे वाक्य गावाला इतकं आवडलं की लोकांनी तिचा कोबीही माफ केला.

तिने हॉलच्या भिंतींवर मोठाले कागद लावले. एकेका कागदावर एकेका जागेचं नाव: वर्ग, स्वयंपाकघर, व्यायामशाळा, संकटकाळचा निवारा. काही कागद कोरे ठेवले, ज्याला जे सुचेल ते लिहायला. मग प्रत्येकाच्या हातात पाच हिरव्या टिकल्या दिल्या आणि म्हणाली, "तुम्हाला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यावर चिकटवा."

हातात पाच टिकल्या आल्या की माणसाचा स्वभाव बाहेर पडतो. गोधडीवाल्या बायकांच्या प्रमुख मार्लीन ट्रास्क यांनी कोऱ्या कागदावर 'शिवणखोली' असं लिहिलं आणि आपल्या सगळ्या मैत्रिणींना तिथे उभं केलं. अग्निशामक दलाच्या लोकांनी गट करून टाकीला कौल दिला. रस्ते-खातं म्हणजे एकटा लायल बुशे. त्याने कोऱ्या कागदावर 'शेड' एवढा एकच शब्द लिहिला, पाचही टिकल्या त्यावर ठोकल्या आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला. मग जाणाऱ्या-येणाऱ्याला तो फक्त इतकंच विचारी, "तुझ्या घरापुढचा बर्फ कोण काढतं रे?" शेडला भरपूर टिकल्या मिळाल्या.

"मार्लीन, वर्गांवर लावतेस का एखादी?" कोणीतरी विचारलं होतं.

"अगं, वर्ग होणारच! शाळाच आहे ना ती? टिकली कशाला वाया घालवू?"

सगळ्यांनी हाच विचार केला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन डोनट खाल्ले. बैठका संध्याकाळी साडेसहाला असत. त्या वेळी ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत ते आईबाप पोरांना भरवत, न्हाऊ घालत किंवा त्यांच्या मागे धावत असतात. त्यामुळे हॉलमध्ये जमलेल्या बहुतेकांचे केस बाहेरच्या बर्फाच्या रंगाचे होते. हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी वार्षिक गावसभा, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी. ही सभा सकाळी सुरू होते, दुपारी प्रत्येकाने घरून आणलेल्या पदार्थांचं जेवण होतं, आणि नियम इतके कडक असतात की नवराबायकोसुद्धा एकमेकांशी सभापतींच्या मार्फत बोलतात. सभापती थेल्मा हॅस्किन्स. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, आणि सभेचे नियम तोंडपाठ. एरवी त्या डेलला 'डेलू' म्हणत, कारण त्याला त्यांनी पाळण्यात पाहिलं होतं. सभेत मात्र तो मिस्टर कॉर्लिस.

इंग्रिडने अंदाज मांडला: सगळं हवं असेल तर मिळणाऱ्या पैशात बसत नाही, काहीतरी कापावं लागेल. नेमक्या त्याच वेळी डेल सभागृहात नव्हता. त्याने पुठ्ठ्याचं शाळेचं मॉडेल मागच्या टेबलावर ठेवलं होतं. कोणातरी भल्या बाईला छपरावरच्या उन्हाच्या विजेच्या चौकटी गरम भांडं ठेवायच्या जाळीसारख्या वाटल्या आणि तिने त्यावर तापलेल्या बीन्स आणून ठेवल्या. छप्पर बसलं. डेल चमच्याने शाळेतून बीन्स खरवडत होता.

इकडे लायल बुशे उभा राहिला आणि म्हणाला, "सभापतीबाई, ठराव. ज्यावर टिकल्या कमी, ते खालून कापत चला. पैशात बसलं की थांबा." अनुमोदन मिळालं. स्वयंपाकघरातून हॅम भाजल्याचा वास येत होता. "हो" असा गजर झाला आणि लोक जेवायला उठले.

इंग्रिडने ठरावाप्रमाणे तळापासून सुरुवात केली. तळाला एकच कागद होता, एकही टिकली नसलेला. तो काढला, आणि काय आश्चर्य, हिशेब चपखल बसला. कारण शाळेत सगळ्यात जास्त खर्च वर्गांचाच असतो. बिचारीने डेलला फोन करून विचारलंही होतं, "मिस्टर कॉर्लिस, ठराव जसाच्या तसा पाळू ना? नक्की?" डेल तेव्हा मॉडेलच्या दुःखात होता. तो भारदस्त आवाजात म्हणाला, "पोरी, आमच्याकडे गावसभेचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द."

तो शब्द आता जेवणाच्या टेबलावर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल थेल्माबाईंच्या दारात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हीच त्यांची मोठी कृपा.

"गावसभेने केलेलं गावसभाच फिरवू शकते, डेलू. खास सभा बोलाव. पण पुनर्विचाराचा ठराव तोच मांडू शकतो, ज्याने तेव्हा 'हो' म्हटलं होतं. तू म्हटलं होतंस?"

"मी शाळेतून बीन्स काढत होतो."

"मग तू नाही मांडू शकत."

"पण थेल्माबाई, मी समितीचा अध्यक्ष आहे!"

"तेच तर दुःख आहे," थेल्माबाई म्हणाल्या आणि त्याला चहा दिला.

मोठंसं काम नव्हतं. 'हो' तर सगळ्या गावाने म्हटलं होतं. त्यातला एक माणूस उभा करायचा. डेल आधी मार्लीन ट्रास्ककडे गेला.

"वर्ग नाहीत?" मार्लीनबाईंनी छातीवर हात ठेवला. "अरे देवा! अरे, शाळेत वर्ग नकोत का? मांडते की मी ठराव. आत्ता मांडते." मग जरा थांबून, "डेल, पण वर्ग घातले तर दुसरं काय काढणार रे?"

"ते सभा ठरवेल."

"आमची खोली नाही ना काढणार?"

"सभा ठरवेल, मार्लीन."

"मग असं कर. टाकीवाल्यांना सांग मांडायला."

टाकीवाल्यांनी व्यायामशाळेच्या लोकांकडे बोट दाखवलं. व्यायामशाळेवाले म्हणाले, स्वयंपाकघर जरा जास्तच मोठं नाही का? स्वयंपाकघरवाल्यांनी डेलला ब्लूबेरीचा केक खाऊ घातला आणि शेडचा विषय काढला. वर्ग हवेत याबद्दल सगळ्या गावाचं एकमत होतं, फक्त ते दुसऱ्याच्या खोलीत व्हावेत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण खोल्यांनाही लागू पडते हे डेलला या वयात कळलं. आठवडाभर तो दारोदार फिरला, सहा प्रकारचे केक खाल्ले, आणि पोटाच्या तक्रारीखेरीज त्याच्या हाती काही लागलं नाही.

"सगळे म्हणतात, वर्ग आम्ही गृहीत धरले होते," तो घरी येऊन म्हणाला.

रोक्सॅन उद्याच्या पोरांच्या जेवणासाठी गाजरं सोलत होती. "गृहीत नाही धरलं, डेल. विसरले. मी तरी काय वेगळी? माझ्या पाच टिकल्या मी स्वयंपाकघरावर लावल्या." मग तिने पुढचं गाजर घेतलं. डेलला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून एप्रिलमध्ये त्याने ठरवलं, आता लोकांना प्रत्यक्ष जागेवर न्यायचं. टेकडीवर उभं राहून बघतील, वर्ग कुठे होतील ते डोळ्यांनी दिसेल, तर मन वळेल. विचार उदात्त होता. फक्त एप्रिल म्हणजे चिखलाचा हंगाम. बर्फ वितळत असतो, वरची जमीन सैल आणि खालची अजून गोठलेली, आणि कच्च्या रस्त्याचा रबडा होतो. त्या दिवसांत टेकडीवर गाडी न्यायची नाही, हे नॉर्थ पेल्टनमधल्या कुत्र्यालाही कळतं. डेललाही कळत होतं. पण अध्यक्षाने तारीख दिली होती, आणि अध्यक्षाची तारीख चिखल बघून बदलत नाही. बाकीचे लोक खाली पक्क्या रस्त्यावरच गाड्या लावून थांबले आणि हात हलवत राहिले. डेल एकटा वर गेला. अर्ध्या टेकडीवर गाडी चाकांच्या आसापर्यंत चिखलात बसली. तो उतरला, दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्या पावलाला डावा बूट मागेच राहिला.

लायल बुशे ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली. एका पायात नुसता मोजा, एका पायात बूट अशा अवस्थेत उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे त्याने नीट पाहून घेतलं.

"शाळा इथे होणार का?"

"इथेच," डेल म्हणाला. मान ताठ ठेवली होती. मोजा ओला होता.

"मग पोरांना होडीने आणणार वाटतं."

डेलने तिथेच, साखळी ताणली जात असताना, विषय काढला. एरवी या दोघांचं बोलणं बेताचंच. लायल दर हिवाळ्यात रस्त्याचा बर्फ नेमका डेलच्या फाटकाशी लोटून ठेवी, आणि तो मुद्दाम लोटतो की नाही यावर कॉर्लिसांच्या घरी वर्षानुवर्षं वाद होता.

"लायल, ठराव तुझा आहे. पुनर्विचार तूच माग."

"का?"

"वर्ग नाहीत रे त्यात!"

"आणि रस्ता?" लायल ट्रॅक्टरवरून म्हणाला. "शाळा टेकडीवर, तिथे वर्ग घाल, नाहीतर राजवाडा घाल. पहाटे हा रस्ता कोण मोकळा करणार? मी. उणे वीस थंडीत माझी गाडी बाहेर उभी असते. चालू व्हायला तास घेते. ती चालू झाली नाही तर तुझी ती पुरात टिकणारी, थंडीत टिकणारी शाळा रिकामीच टिकणार. मला एक छप्पर हवंय, डेल. मी चुकतोय का?"

चुकत नव्हता, हीच पंचाईत होती. लायलने गाडी ओढून पक्क्या रस्त्यावर आणली, पैसे घेतले नाहीत, आणि चिखलातून काढलेला बूट सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवला. पैसे घेतले असते तर इतका अपमान वाटला नसता.

तरी खास सभा तर घ्यायलाच हवी होती. तिची नोटीस महिनाभर आधी दुकानात, पोस्टात आणि गावकचेरीत लावावी लागते. संध्याकाळी घ्यावी तर एका वारी चर्चची गाणी, एका वारी अग्निशामक दलाची कवायत, पाचला गाईंच्या धारा, आणि थेल्माबाई अंधारात गाडी चालवत नाहीत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसे प्रत्येकाने आपापले वार डेलकडे धाडले. शेवटी त्याने परंपरेप्रमाणे मंगळवार धरला, सगळ्यांना टाळून दुपारचे बारा धरले, जागा चर्चचा हॉल धरली, आणि स्वतःच्या हाताने नोटिसा लावून आला. या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट आपण बिनचूक केली, असं त्याला महिनाभर वाटत होतं.

सभेच्या आदल्या रविवारी रोक्सॅन म्हणाली, "मंगळवारी माझी पोरं बाहेर जेवायची का?"

"का?"

"बाराला त्या हॉलमध्ये त्यांचं जेवण असतं. शाळा तिथेच भरते, डेल. सप्टेंबरपासून."

"अगं, महिनाभर नोटीस लागली आहे! तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू ठरवून केलंस," ती म्हणाली. तोंड भांड्याकडे होतं, त्यामुळे तिला खरोखर तसं वाटलं होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

डेल थेल्माबाईंकडे धावला. त्या म्हणाल्या, एकदा लागलेली नोटीस देवालाही बदलता येत नाही. परत येऊन त्याने रोक्सॅनला विनवलं, पोरांना त्या दिवशी अकराला जेवू घाल. रोक्सॅन म्हणाली, "पोरांना भूक बाराला लागते. त्यांनी नोटीस वाचलेली नाही."

मंगळवारी गाव लोटलं. आपली खोली वाचवायला प्रत्येक जण लवकर आला होता. पडदे बाजूला सारले होते, पोरं तेवढ्यापुरती अंगणात होती, आणि हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या भरल्या. त्या खुर्च्या म्हणजे शाळेच्याच, चर्चकडे दुसऱ्या नव्हत्या. व्हर्मांटमधल्या गावसभेत ज्यांना मत नाही त्यांनी वेगळं बसायचं असतं, मतदारांत मिसळायचं नसतं. त्यांच्यासाठी थेल्माबाईंनी बाजूला दोरी बांधून एक बाक ठेवला होता. त्यावर इंग्रिड आणि वर्तमानपत्राचा एक माणूस बसले होते. बाक भरला.

थेल्माबाईंनी हातोडा आपटला, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडून शिक्षिकेच्या मागे पोरं आत आली. प्रत्येकाच्या हातात ताटली; ताटलीत टोमॅटोच्या सूपचा वाडगा आणि चीजचं सँडविच.

"ज्यांना मत नाही त्यांनी कृपया आपल्या जागी बसावं," थेल्माबाई म्हणाल्या. नियमच तसा होता.

"कुठे?" शिक्षिकेने विचारलं. टोमणा नव्हता, बाई खरंच जागा शोधत होती.

पोरं भिंतीला लागून उभी राहिली. सूप सांडू नये म्हणून त्यांनी श्वास धरला होता, आणि चर्चच्या तळघरात इतकी शांतता कधी प्रार्थनेच्या वेळीही झाली नव्हती. डेलने उभं राहून विषय वाचला: मार्चमधल्या ठरावाचा पुनर्विचार. कोणी मांडतं का? मार्लीनबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. टाकीवाले छताकडे बघू लागले. डेलला वाटलं, संपलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत रोक्सॅन सूप वाढायचा डाव हातात धरून उभी होती, आणि तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटली. वचन मोडलं म्हणून नव्हे. ती अजूनही त्याच्याकडे विश्वासाने बघत होती म्हणून.

लायल बुशे शेवटच्या खुर्चीवर, भिंतीपाशी बसला होता. त्याच्या कोपराशी एक चष्मेवाली चिमुरडी उभी होती. तिचे हात दमले होते. ताटली एका बाजूला कलत होती आणि सूप हळूहळू काठाकडे येत होतं. लायलने समोर बघितलं. मग बूट बघितले. मग सूप बघितलं. शेवटी तो वैतागून उठला आणि पुटपुटला, "बस इथे."

थेल्माबाईंचा हातोडा वाजला. "मिस्टर बुशे बोलतील."

"छे छे, मी आपलं हिला—"

"सभेत माणूस बोलायला उभा राहतो, मिस्टर बुशे. बोलायचं नसेल तर बसा."

लायलने मागे वळून पाहिलं. खुर्चीवर पोरगी बसली होती. पाय लोंबत होते, आणि तिने सँडविचचा पहिला घास घेतला होता. बसायला जागा नव्हती. बाहेर जावं तर दारापर्यंत पोरांची रांग होती. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. लायलने टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"पुनर्विचार," तो शेवटी म्हणाला. "आणि माझी शेड काढा पहिली. गाडी इतकी वर्षं बाहेर राहिली, आणखी राहील."

"एका वेळी एकच ठराव," थेल्माबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. "अनुमोदन?"

"माझं," मार्लीन ट्रास्क म्हणाल्या आणि पर्स बंद केली.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं."

आधी पुढची रांग उठली, मग टाकीवाले, मग सगळेच. खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला. भुकेल्या पोरांना सभेचे नियम ठाऊक नव्हते. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि ती बसली. थेल्माबाईंनी डोकी मोजली, कागदावर आकडा लिहिला आणि सवयीने म्हणाल्या, "आता खाली बसा. विरोधात असतील त्यांनी उभं राहावं."

कोणीच बसलं नाही. बसायला काही उरलंच नव्हतं. नियमाने पाहता, ठरावाच्या बाजूने मत दिलेलं अख्खं गाव त्याच ठरावाच्या विरोधातही उभं होतं, आणि यावर पुस्तकात काय लिहिलंय हे थेल्माबाईंना आयुष्यात पहिल्यांदा आठवेना. त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. चमचे वाजत होते. कोणीतरी कोणाच्या तरी सँडविचचा कोपरा पळवला होता आणि त्यावर हलक्या आवाजात भांडण चाललं होतं.

थेल्माबाईंनी चष्मा काढून पुसला. "विरोध नाही," त्या म्हणाल्या, आणि हातोडा आपटायच्या ऐवजी टेबलावर नुसता ठेवला.

पुढचं सगळं उभ्यानेच झालं. शेड निघाली, शिवणखोली निघाली, टाकी लहान झाली, स्वयंपाकघर निम्मं झालं, आणि त्या शेवटच्या ठरावाला पहिलं अनुमोदन खिडकीतून, डाव उंच करून, रोक्सॅनने दिलं. डेलच्या खुर्चीवर बसलेल्या पोराने त्याच्या कागदांवर सूप सांडलं होतं. डेल ते रुमालाने टिपत होता, आणि डोळेही त्याच रुमालाने पुसत होता, त्यामुळे त्याच्या नाकाला टोमॅटो लागला होता. कोणी हसलं नाही. दमलेली म्हातारी माणसं भिंतीला टेकली, एकमेकांच्या खांद्याला टेकली, आणि पोरांचं जेवण होईपर्यंत गाव उभं राहिलं.